मायकोरायझाने जमिनीचा कर्ब वाढतो का? आणि बांधावरचं झाड उसाला अन्न देतं का?

प्रश्न थोडक्यात असा. माळशिरस तालुक्यातल्या एका ऊस बागायतदारांच्या माती परीक्षण अहवालात सेंद्रिय कर्ब, म्हणजे सजीवांच्या अवशेषांतून मातीत आलेला कार्बन, ०.३८ टक्के आला. कृषी सेवा केंद्रात त्यांना मायकोरायझाची, म्हणजे मुळांत राहणाऱ्या एका बुरशीची, चार किलोची पिशवी दाखवून सांगितलं गेलं, की ही टाका, दोन वर्षांत कर्ब एकच्या वर जाईल. त्यातच मुलाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: जंगलातली झाडं जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न पाठवतात. मग बांधावरचा आंबा आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आपल्या उसाला काही देत असतील का, आणि हा कर्ब पानातून निघून नेमका जातो कुठे, असं त्यांनी विचारलं आहे.

दादा, उत्तर आधी सांगते, कारणं मागून. पिशवीने कर्ब एकच्या वर जाणार नाही. आंबा तुमच्या उसाला साखर पाठवत नाही. पण बुरशीतून कर्ब वाहतो हे मात्र पक्कं खरं आहे. तो वाहतो पिकाकडून बुरशीकडे आणि बुरशीकडून मातीकडे. दुकानदाराने तुम्हाला नळ विकायला काढलाय. पाणी तुमच्याच विहिरीतलं आहे.

पानापासून सुरुवात करू. ऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतो. ती खोडात साठते, कारखान्याच्या काट्यावर तिचं वजन होतं, म्हणून आपलं सगळं लक्ष तिच्याकडे. पण तीच साखर रोज खाली मुळांकडेही उतरते. मुळं तिच्यावर वाढतात, श्वास घेतात, थोडी मातीत पाझरू देतात, आणि एक वाटा मुळांच्या आत शिरून राहिलेल्या बुरशीला जातो. हीच ती मायकोरायझा; आपल्याकडे जुने लोक अजून तिला ‘व्हॅम’ म्हणतात. झाडाने बनवलेल्या एकूण अन्नातला साधारण ४ ते २० टक्के वाटा तिच्याकडे जातो, असं निरनिराळ्या पिकांवरच्या मोजमापांतून दिसलं आहे. पीक, हंगाम आणि जमिनीतलं स्फुरद (फॉस्फरस) यांवर तो बदलतो.

आणि हे सगळं आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार झपाट्याने होतं. ब्रिटनमधल्या एका कुरणावर शास्त्रज्ञांनी खुणेचा कार्बन, म्हणजे जरा जड असलेला कार्बन-१३, हवेतून गवताला दिला आणि मातीतून बाहेर पडणाऱ्या वायूवर पाळत ठेवली. पहिल्या २१ तासांतच, झाडांनी गमावलेल्या कार्बनपैकी ५ ते ८ टक्के या बुरशीच्या श्वासातून परत हवेत गेलेला सापडला. २००२ सालचा हा निबंध. सकाळी पानात शिरलेला कण दुसऱ्या दिवशी मातीतून वर आलेला.

याहून सोपा पुरावा हवा असेल तर द्राक्षवाल्यांना विचारा. मणी फुगावेत म्हणून ते वेलाच्या खोडाची सालीची कडी काढतात, गर्डलिंग करतात. साल कापली की साखर खाली जायची थांबते आणि वरच अडते. उत्तर स्वीडनमधल्या पाइनच्या जंगलात हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं. झाडं उभीच होती, पानं हिरवीच होती, फक्त मुळांचा रेशनपुरवठा बंद केला. पाच दिवसांत जमिनीचा श्वास जास्तीत जास्त ३७ टक्क्यांनी घटला आणि एक-दोन महिन्यांत निम्म्याहून खाली आला. हे २००१ साली छापून आलं. त्याआधी अनेकांची समजूत होती की जमिनीतून निघणारा वायू मुख्यतः कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याचा. तिथे निम्म्याहून जास्त श्वास आजकालच्या साखरेवर चालला होता. जमिनीचंही हातावर पोट आहे.

आता बुरशीची ओळख नीट करून घेऊ, कारण इथेच सगळा घोळ होतो. ऊस, ज्वारी, तूर, सोयाबीन, कांदा, केळी, डाळिंब, आंबा, सागवान, बांबू या सगळ्यांच्या मुळांत जी बुरशी राहते ती एकाच घराण्यातली. ती मुळाच्या पेशीत शिरते आणि आत झाडासारखी बारीक फांद्या फुटलेली रचना करते. देवाणघेवाण तिथे चालते. बाहेर मातीत तिचे तंतू पसरतात, केसापेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे मुळांना न शिरता येणाऱ्या फटींतून ते स्फुरद, जस्त आणि थोडं नत्र ओढून आणतात. बदल्यात साखर आणि चरबी घेतात. चरबीचं २०१७ साली पक्कं कळलं. ही बुरशी स्वतःची मूळ चरबी बनवूच शकत नाही, ती झाडाकडून तयार घेते. २०१३ मध्ये तिची जनुकं वाचली गेली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: काडीकचरा कुजवणाऱ्या बुरशांकडे जी अवजारं असतात, ती हिच्याकडे जवळजवळ नाहीतच.

याचा सरळ अर्थ सांगते, कारण तो पिशवीवर छापलेला नसतो. मायकोरायझा शेणखत खात नाही. पाचट कुजवत नाही. कुजवायला वापरतात ती ट्रायकोडर्मा बुरशी वेगळी आणि ही वेगळी. हिला जिवंत, हिरव्या पिकाचं मूळ मिळालं तरच ती जगते, आणि मातीत ती जो कर्ब आणते तो आधी तुमच्या पिकाच्या पानांनी हवेतून कमावलेला असतो.

मी नोकरीत असताना विद्यार्थ्यांना कांद्याच्या मुळांवर ही बुरशी दाखवत असे. कांद्याला मूळकेस फार कमी, त्यामुळे तो बुरशीवर फार अवलंबून आणि मुळं रंगवायलाही सोपी. मुळं कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात गरम करायची, धुवायची, मग व्हिनेगरमध्ये थोडी फाउंटन पेनची काळी शाई घालून त्यात दोन-तीन मिनिटं उकळायची. बाकी मूळ काचेसारखं पारदर्शक होतं आणि बुरशी शाईने काळी-निळी उठून दिसते. पहिल्या वर्षी मी ‘अजून पाच मिनिटं’ म्हणत मुळं इतकी उकळली की त्यांचं पिठलं झालं. विद्यार्थी हसू दाबत उभे. दुसऱ्या खेपेला जमलं. पेशीच्या चौकटीत बसलेलं ते इवलंसं झाड एकदा पाहिलं की ‘देवाणघेवाण’ हा शब्द पुस्तकी राहत नाही. आणि हे झाड काही दिवसांचंच असतं. ते विरघळतं, शेजारच्या पेशीत नवं उगवतं.

व्यवहारात दोन्ही बाजू हिशेबी आहेत. २०११ साली एका प्रयोगात एकाच झाडाच्या मुळांवर वेगवेगळ्या बुरशा बसवल्या, तेव्हा जी जास्त स्फुरद देत होती तिला झाडाने जास्त साखर दिली. आणि ज्या मुळाने जास्त साखर दिली त्याला बुरशीनेही जास्त स्फुरद दिलं. म्हणून एक कडू गोष्ट: सरीत दरवर्षी डीएपीच्या पोत्यांवर पोती ओतली आणि उसाला स्फुरद आयतं मिळालं, की तो बुरशीचा पगार कापतो. मग वर एकरी चार किलो मायकोरायझा टाकायची, म्हणजे नोकर आणायचा आणि त्याला काम द्यायचं नाही. तुमच्या अहवालात स्फुरद ‘भरपूर’ आहे का ते बघा. असेल तर पिशवीचा विचार तिथेच थांबवा.

बुरशी बोलावण्याचंही एक तंत्र आहे, ज्वारीवाल्यांना त्याचा फटका माहीत आहे. स्फुरदाची उपासमार झाली की मूळ मातीत स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं सोडतं. २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यांच्या चाहुलीने बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात. पण हे द्रव्य त्याच्या कितीतरी आधी, १९६६ मध्ये, कापसाच्या मुळांतून ओळखलं गेलं होतं, आणि तेही दुसऱ्याच कारणाने: त्याच्यामुळे टार्फुल्याचं, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या परजीवी तणाचं, बी उगवतं. मूळ मित्राला हाक मारतं आणि चोर ती ऐकतो. हलक्या, भुकेल्या जमिनीत ज्वारीवर टार्फुला जास्त का, याचं एक कारण या हाकेत आहे.

बरं, आता हिशेब. तुमच्या एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर घ्या. काळ्या मातीचं वजन धरलं तर ही माती साधारण ८०० टन भरते. कर्ब ०.३८ वरून १.०० वर न्यायचा म्हणजे ०.६२ टक्के वाढवायचा, म्हणजे सुमारे पाच टन शुद्ध कर्ब त्या मातीत टिकून राहायला हवा. टाकलेला नव्हे, टिकलेला. चार किलोच्या पिशवीत बहुतेक भाग वाहक पावडरीचा असतो. ती सगळीच्या सगळी कोळसा असती तरी अहवालातला आकडा हलला नसता.

पण पिशवीतली बुरशी वाढून पसरेल ना, असं तुम्ही म्हणाल. म्हणून तेही करून पाहू. एका ग्रॅम मातीत बुरशीचे दहा मीटर तंतू आहेत असं धरा. शेतजमिनीसाठी हा आकडा वाजवी आहे. तंतूची जाडी चार मायक्रॉन, त्यात ऐंशी टक्के पाणी, उरलेल्याचा निम्मा कर्ब. गुणाकार केला की एकरात उभ्या असलेल्या सगळ्या तंतूंत मिळून कर्ब येतो दहा किलोच्या आसपास. ग्रॅममध्ये दहा मीटर ऐकून छाती दडपते, पण तो धागा इतका बारीक आहे की वजनात काहीच नाही.

तरीही बुरशी क्षुल्लक नाही, कारण ती तिजोरी नसून वाहता पाट आहे. २००३ मध्ये तंतूंचं वय मोजलं गेलं, बारीक तंतू सरासरी पाच-सहा दिवस जगतात असं निघालं. म्हणजे हे दहा किलो वर्षभर तेच नसतात. मरतात, नवे येतात. पीक उभं असेल तोवर पाट वाहत राहतो आणि वर्षाकाठी काही शे किलो कर्ब त्यातून जाऊ शकतो. त्यातला बराचसा बुरशी स्वतःच श्वासात उडवते. मेलेले तंतू जिवाणू आणि बारीक माइट, उड्या मारणारे स्प्रिंगटेल असले किडे खातात, तेही श्वास घेतात. शेवटी जे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटतात किंवा मातीच्या गोळीच्या आत अडकतात, तेवढेच टिकतात. आपल्या काळ्या मातीची चिकणी या कामात पटाईत आहे, ही जमेची बाजू. उष्णता आणि वारंवार ओलं-सुकं होणं ही खर्चाची.

इथे एक आकडा सगळीकडे फिरतोय त्याबद्दल बोलते, कारण तो चुकीच्या अर्थाने विकला जातो. जगभरची झाडं दरवर्षी मुळांवरच्या बुरशांना १३ अब्ज टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन देतात, म्हणजे खनिज इंधनांतून निघणाऱ्या वायूच्या सुमारे ३६ टक्के, असा अंदाज २०२३ साली मांडला गेला. जाहिरातीत याचं होतं ‘बुरशी जगाचा ३६ टक्के कार्बन साठवते’. मूळ अंदाज दिलेल्या कार्बनचा आहे. मजुराला वर्षभरात दिलेला पगार म्हणजे त्याच्या बँकेतली शिल्लक नव्हे. शिवाय त्या आकड्यातला मोठा भाग थंड प्रदेशांतल्या पाइन, ओक, बर्च असल्या जंगलांचा आहे, आपल्या उसा-ज्वारीच्या बुरशीचा वाटा त्यात एक तृतीयांशाहून कमी.

त्या थंड जंगलांत गोष्ट खरोखरच वेगळी आहे. तिथली बुरशी मुळाला बाहेरून टोपी घातल्यासारखी वेढते. उत्तर स्वीडनमधल्या तळ्यांतल्या बेटांवर मोजलं तेव्हा जमिनीत साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के पालापाचोळ्यातून न येता मुळं आणि मुळांवरच्या बुरशीतून आलेला निघाला. आणखी एक जुना प्रयोग १९७१ सालचा, न्यूझीलंडमधला: पाइनच्या मुळांवरची बुरशी पालापाचोळा कुजवणाऱ्या बुरशांशी स्पर्धा करून कुजणं मंदावते. करणारे शास्त्रज्ञ रूथ गाडगीळ आणि पी. डी. गाडगीळ. जगभर याला ‘गाडगीळ परिणाम’ म्हणतात, आणि हे आडनाव पहिल्यांदा इंग्रजी पुस्तकात वाचताना मी दोनदा चष्मा पुसला होता. पण हा परिणाम आपल्या उसाला लावू नका. उलट आपल्या प्रकारच्या बुरशीबद्दल २०१२ मध्ये असं दिसलं, की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवला तर तिच्या तंतूंभोवती जुना सेंद्रिय कर्ब जास्त वेगाने कुजतो, कारण तिला पिकासाठी नत्र हवं असतं आणि ताज्या साखरेवर जोर चढलेले जिवाणू जुनं साठवण फोडायला लागतात. म्हणजे पाट कधी गाळ आणतो, कधी काठही खातो.

मग बुरशीचा खरा उपयोग कुठे? मातीची गोळी बांधण्यात. हे घरी बघता येतं. दोन काचेचे ग्लास घ्या, पाणी भरा. एक सुकं ढेकूळ बांधावरच्या, वर्षानुवर्षं न नांगरलेल्या हरळीखालून आणा, दुसरं तेवढंच सरीतून. चहाच्या गाळणीवर ठेवून अलगद पाण्यात सोडा. सरीतलं ढेकूळ बहुतेक वेळा काही मिनिटांत भसकन विरघळतं आणि पाणी गढूळ होतं. बांधाचं बराच वेळ तग धरतं. ते तोडून भिंगाखाली बघितलं तर मुळांचे केस आणि पांढरे तंतू जाळीसारखे कण बांधून बसलेले असतात. गोळीच्या आत अडकलेला कर्ब जिवाणूंच्या हाताला लागत नाही, म्हणून टिकतो. एके काळी याचं सगळं श्रेय ‘ग्लोमालिन’ या बुरशीच्या डिंकाला दिलं जायचं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या सारा राइट यांनी १९९६ मध्ये तो पुढे आणला. नंतर लक्षात आलं की तो मातीतून काढायची पद्धत इतकी कडक आहे की त्यात इतरही प्रथिनं आणि ह्युमस ओढले जातात. पिशवीवर ग्लोमालिनचे टक्के छापलेले दिसले तर किंमत देताना हे आठवा.

आता बांधावरचा आंबा. व्हिडिओतली गोष्ट हवेतून आलेली नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी बर्च आणि डग्लस फर या झाडांना दोन वेगवेगळ्या खुणांचा कार्बन देऊन पाहिला. १९९७ साली ‘नेचर’ने तो निबंध ‘वूड वाइड वेब’ म्हणत मुखपृष्ठावर आणला. फरला निव्वळ फायदा झाला तो त्याने स्वतः कमावलेल्या खुणेच्या कार्बनच्या सरासरी ६ टक्के. पण शेजारी मुद्दाम लावलेल्या, या जाळ्यात न बसणाऱ्या सीडरच्या रोपांतही थोडा खुणेचा कार्बन पोचलाच होता. म्हणजे काही भाग बुरशीच्या नळीतून न जाता मातीतूनच झिरपला असणार. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये चाळीस मीटर उंच स्प्रूसचा कार्बन शेजारच्या बीच, पाइन, लार्चच्या बारीक मुळांत सापडला. हे भक्कम काम आहे. पण मुळांत सापडणं आणि शेजाऱ्याचं पोट भरणं यांत अंतर आहे. २०२३ साली तीन अभ्यासकांनी सगळे पुरावे चाळून लिहिलं, की लोकप्रिय दावे पुराव्यांच्या पुढे धावले आहेत. त्यांतल्या मेलनी जोन्स या १९९७ च्या त्या निबंधाच्याही सहलेखिका होत्या. आपल्याच गाजलेल्या कामाबद्दल असं लिहायला धैर्य लागतं.

आपल्या शेतातली बुरशी तर निराळ्या घराण्यातली. तिच्यावर खुणेच्या कार्बनचे प्रयोग झाले तेव्हा एका झाडाचा कार्बन दुसऱ्याच्या मुळापर्यंत गेला, पण तिथे बुरशीच्याच अंगात राहिला. खोडा-पानांत चढला नाही. भाडेकरू एका घरून दुसऱ्या घरी सामान नेतो, घरमालकाला काही मिळत नाही. म्हणून आंब्याकडून उसाला साखरेची आशा नको. आणि ऊस स्वतःच इतका साखर बनवणारा गडी, की त्याला दुसऱ्याकडून मागायचं कारणही नाही.

अपवाद सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. बुरशीकडून झाडाकडे कार्बन खरोखर जातो तो आमरींमध्ये, म्हणजे ऑर्किडमध्ये. त्यांचं बी धुळीसारखं, त्यात शिदोरी जवळपास नाही. उगवताना योग्य बुरशी भेटली आणि तिने कार्बन भरवला तरच रोप जगतं. फ्रान्समधल्या नोएल बर्नार यांना हे १८९९ मध्ये सापडलं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर फुलणारी हबेनारिया तुम्ही पाहिली असेल, तिचंही बालपण बुरशीच्या जिवावर गेलेलं असतं. पण तिथे बुरशीला फसवून खाणं चाललेलं असतं. शेजारधर्म म्हणून ते खपवू नये.

बांधावरच्या गिरिपुष्पाचा फायदा आहे, फक्त जमिनीवरून. पावसाळ्यात त्याचा कोवळा पाला छाटून सरीत पसरा, नत्र आणि कर्ब दोन्ही मिळतील. शिवाय त्याची मुळं वर्षभर जिवंत, म्हणजे बांधालगतच्या मातीत बुरशी कायम वस्तीला. तिथून ती नव्या पिकाच्या मुळांत उतरते.

आणि हाच तुमच्या कामाचा मुद्दा आहे: पाट किती दिवस चालू राहतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या मातीत, आपल्या रेगूरसारख्याच, शेतकऱ्यांना एक कोडं पडायचं. जमीन वर्षभर पडीक ठेवून ओल साठवली, तरी पुढचं पीक पिवळं आणि खुरटं. १९८७ साली कारण छापून आलं: उपाशी पडून बुरशीच मेली होती, आणि स्फुरद-जस्त असूनही पिकाला उचलता येत नव्हतं. आपल्याकडे खरीप पडीक ठेवून रब्बी ज्वारी घेणाऱ्यांनी याचा विचार करावा. मोकळ्या दिवसांत ताग पेरलात तर पाट सुरू राहतो. उसात लागणीनंतर हरभरा किंवा कांद्याचं आंतरपीक चांगलं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी आणि बहुधा पालकही या बुरशीला थारा देत नाहीत, तेव्हा कोबीच्या रोपांना मायकोरायझाचं ड्रेंचिंग करणाऱ्याने ते पैसे पोरांच्या भेळेवर उडवावेत.

उसाचा विचार केला तर तुमची स्थिती वाईट नाही, वर्षभर मूळ जमिनीत आहे. मग कर्ब ०.३८ का? माझा पहिला संशय पाचटावर. एकरी चाळीस टन उसामागे तीन-चार टन वाळलं पाचट निघतं, त्यात कर्ब टन-दीड टन. काडी लावली की तो एका संध्याकाळी आकाशात. ठेवलं तरी त्यातला बहुतेक भाग वर्षा-दोन वर्षांत कुजून हवेतच जातो, पण खोडव्यात माती झाकून राहते, ओल टिकते आणि थोडा वाटा आत उतरतो. दुसरा संशय उन्हाळी खोल नांगरटीवर. तंतू तुटतात, गोळ्या फुटतात. मग पहिल्या वळवाच्या पावसाबरोबर जमिनीतून वायूचा लोंढा निघतो, कारण सुकून मेलेलं सगळं भिजताच जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. केनियात बर्च नावाच्या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये हे लिहून ठेवलं. पहिल्या पावसाचा वास आपल्याला प्रिय आहे, पण त्याच वेळी कर्बही उडत असतो. लागणीला नांगरट टळत नाही हे मला कळतं. पण दर खोडव्यात बगला फोडायलाच हव्यात असं नाही.

अहवालाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडच्या वर्गवारीत ०.२१ ते ०.४० म्हणजे ‘कमी’ आणि ०.४१ च्या पुढे ‘मध्यम’. पण ०.३८ चा पुढच्या वर्षी ०.४२ आला तर पेढे वाटू नका. नमुना दोन वाव बाजूला घेतला तरी एवढा फरक पडतो. त्याच महिन्यात, त्याच खोलीवर, त्याच जागांवरून, त्याच प्रयोगशाळेत, तीन-चार वर्षांनी तपासा. आणि ‘मुक्त चुना’ हा रकाना वेगळा आहे. चुनखडीतही कार्बन असतो, पण सेंद्रिय कर्बाच्या आकड्यात तो मोजलेला नसतो.

आता राहिली पिशवी. ती आधीच घेतली असेल तर उसात टाकू नका. विशेषतः कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बेणेप्रक्रिया करून त्याच बादलीत मायकोरायझा मिसळू नका. संशोधक शेतात ही बुरशी मुद्दाम मारायला बेनोमिल वापरत, आणि बेनोमिल मातीत फुटून कार्बेन्डाझिमच होतं. टिश्यू कल्चरची केळी किंवा डाळिंबाची रोपं लावणार असाल तर मात्र उपयोग आहे. ती निर्जंतुक बाटलीतून आणि कोकोपीटमधून आलेली असतात, त्यांच्या मुळांत बुरशीचा पत्ता नसतो. मुरूम भरून नवी केलेल्या जमिनीतही तेच. पावडर वरून फेकू नका, खड्ड्यात मुळाला लागेल अशी घाला. त्याआधी पिशवीवर प्रति ग्रॅम किती बीजाणू आणि अंतिम तारीख काय ते वाचा, आणि पिशवी दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर पडलेली नव्हती ना ते विचारा. मी एकदा अशीच एक विकतची पिशवी चाळणीवर धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. तासभर डोळे ताणून शंख-जिऱ्याची पावडर भरपूर दिसली, बीजाणू एकही नाही. तुमच्या जवळच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्राच्या विभागात मूठभर पावडर घेऊन जा. बारीक चाळणी आणि सूक्ष्मदर्शक तिथे असतो, आणि बीजाणू मोजायला अर्धा दिवस पुरतो.